नेटकेपणा कोणासाठीं ? : ‘दासबोध’ आणि फ्रँकलिनचें आत्मचरित्र

आयुष्याला वळण कसें लावावें, वेळ कसा वांटावा, वस्तु जागच्या जागीं कशा ठेवाव्या, हें शिकविणाऱ्या पुस्तकांचा हल्लीं सुकाळ झाला आहे. पुस्तकांच्या कोणत्याहि दुकानांत शिरावें, तर दर्शनी फळीवर कादंबरी क्वचित् असते, काव्य तर नसतेंच. असतात तीं हीं शिस्तीचीं पुस्तकें. त्यांतील पुष्कळशीं इंग्रजीवरून मराठींत उतरलेलीं असतात, आणि जीं मूळचीं मराठी म्हणवितात त्यांत समर्थांचें नांव बहुधा कोठें ना कोठें सांपडतें. समर्थ रामदास हे व्यवस्थापनशास्त्राचे आद्य आचार्य होते, अशा थाटाचीं विधानें आम्हीं अलीकडे इतक्यांदा ऐकलीं कीं, ‘दासबोध’ मुळांतून पुन्हा एकदां वाचून पाहावा असें आमच्या मनानें घेतलें. तो वाचतांना याच विषयावर लिहून गेलेल्या दुसऱ्या एका जगप्रसिद्ध गृहस्थाची, बेंजामिन फ्रँकलिनची, आठवण वारंवार होऊं लागली. दोन्ही ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्यावर जें दिसलें तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या वाचनाला दुसरेंहि एक निमित्त घडलें, आणि तें सांगितल्यावांचून आमच्या मतांतील आग्रहाचें कारण वाचकांच्या ध्यानीं यावयाचें नाहीं. आमच्या व्यवसायांतील एक वडीलधारे स्नेही दोन वर्षांपूर्वीं निवर्तले. जुन्या बखरींतील शब्दांचा एक लहानसा कोश करण्याचा त्यांचा तीस वर्षांचा संकल्प होता, आणि त्या विषयांत त्यांच्याइतका अधिकार असलेला दुसरा माणूस आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यांच्या पश्चात् वहिनींनीं टिपणांचीं सात गाठोडीं आमच्या स्वाधीन केलीं. दोन उन्हाळ्यांच्या सुट्या आम्हीं त्यांवर घालविल्या. चिठ्ठीवर शब्द आहे, त्याचा अर्थहि आहे. पण तो शब्द कोणत्या बखरींतला, कोणत्या प्रतींतला, कितव्या पानावरचा, याचा पत्ता नाहीं. कोठें एखादें आद्याक्षर आहे, पण त्याचा उलगडा करणारा माणूस आतां राहिला नाहीं. आमची अडचण ऐकून वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावजी, सगळें त्यांच्या डोक्यांत होतें हो.” हें वाक्य मनांत असतांनाच आम्हीं हे दोन ग्रंथ वाचले, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

काळाच्या दृष्टीनें समर्थ आधींचे. परंतु आजच्या शिस्तपुस्तकांचा सांगाडा फ्रँकलिनचा आहे, म्हणून आरंभ त्याच्यापासून करणें सोयीचें. फ्रँकलिनचा जन्म १७०६ सालीं बोस्टन येथें झाला व १७९० सालीं फिलाडेल्फियास तो वारला. धंद्यानें तो मुद्रक. पुढें शास्त्रज्ञ, मुत्सद्दी आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार. आत्मचरित्राचा पहिला भाग त्यानें १७७१ सालीं इंग्लंडांत लिहिला. दुसरा भाग १७८४ सालीं पॅरिसजवळच्या पासी गांवीं, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं लिहिला. नीतीच्या पूर्णत्वाला पोंचण्याची जी योजना त्यानें तरुणपणीं आंखली होती तिची हकीकत या दुसऱ्या भागांत येते.

योजना अशी. मिताहार, मौन, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग इत्यादि तेरा गुण त्यानें निवडले. एक लहानशी वही करून तिच्या प्रत्येक पानावर तांबड्या शाईनें घरें आंखलीं : वारांचीं सात आणि गुणांचीं तेरा. ज्या दिवशीं ज्या गुणांत चूक घडेल त्या घरांत काळा ठिपका द्यावयाचा. एकेका आठवड्यांत एकेका गुणावर विशेष लक्ष ठेवावयाचें, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरा पुरा होतो व वर्षांत चार फेरे होतात. जुने ठिपके खरवडून खरवडून वहीच्या पानांना भोकें पडूं लागलीं, तेव्हां हस्तिदंती पानांच्या टिपणवहींत शिशाच्या लेखणीनें खुणा करण्याचा व त्या ओल्या स्पंजानें पुसून टाकण्याचा उपाय त्यानें शोधला. दिवसाचीहि वांटणी केली होती : पहांटे पांचला उठणें आणि आज कोणतें सत्कृत्य करावयाचें हा प्रश्न स्वतःस विचारणें, नंतर काम, वाचन, हिशेब, सायंकाळीं वस्तु आपापल्या जागीं ठेवणें, संगीत, संभाषण आणि दिवसाची झडती, दहाला निद्रा. आज जीं शिस्तीचीं पुस्तकें खपतात, त्यांतील कोष्टकें, खुणांचीं घरें, पहांटेचे संकल्प आणि रात्रीच्या झडत्या हें सारें या एका वहीचेंच वंशविस्तारलेलें रूप आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या वहीवर टीकाहि पुष्कळ झाली. माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानें १९०४-०५ सालीं लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत भांडवलशाहीच्या वृत्तीचा नमुना म्हणून फ्रँकलिनचा उपदेशच पुढें केला. डी. एच्. लॉरेन्सनें १९२३ सालच्या पुस्तकांत या तेरा गुणांची यथेच्छ टवाळी करून स्वतःची एक उलटी यादीहि दिली. मनुष्याचा आत्मा म्हणजे कांहीं दुकानाची खतावणी नव्हे, हा लॉरेन्सचा राग समजण्यासारखा आहे. पण आमच्या मतें या प्रकरणांतलें सर्वांत मोलाचें पान कोष्टकाचें नव्हेच. तें कोष्टकानंतर येतें, आणि टीकाकार व अनुयायी या दोघांनींहि त्याला द्यावें तितकें महत्त्व दिलेलें नाहीं.

त्या पानावर फ्रँकलिन कबूल करतो कीं, तेरा गुणांपैकीं व्यवस्था या गुणानेंच आपल्याला सर्वांत अधिक छळलें. ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हातीं आहे अशा छापखान्यांतील कारागिराला हें साधेल. पण ज्याला जगांत मिसळावें लागतें, गिऱ्हाइकांना त्यांच्या सवडीनें भेटावें लागतें, त्या धन्याला तें नेमकेपणानें साधत नाहीं. कागदपत्र व वस्तु जागच्या जागीं ठेवणें हें तर त्याला कधींच जमलें नाहीं. आणि येथें तो एक गोष्ट सांगतो. एका माणसानें लोहाराकडून कुऱ्हाड विकत घेतली व तिची धार जशी लखलखीत आहे तसें तिचें सगळें अंग करून दे असा हट्ट धरला. लोहार म्हणाला, चाक तूं फिरव, मी घांसून देतों. चाक फिरवितां फिरवितां गडी थकला, मधून मधून कुऱ्हाड पाहूं लागला, आणि शेवटीं आहे तशीच घेऊन जातों म्हणाला. लोहार म्हणतो, अरे, फिरव अजून, आतां नुसती ठिपक्याठिपक्यांची झाली आहे. त्यावर गिऱ्हाईक उत्तर करतें कीं, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड अधिक आवडते. हार मानल्यानंतर त्या हारेलाच आवड म्हणण्याची जी मनुष्याची खोड, ती इतक्या हलक्या हातानें क्वचितच कोणी पकडली असेल. वहीवर काळे ठिपके देणाऱ्या माणसानें ठिपक्यांच्या कुऱ्हाडीची गोष्ट सांगावी, यांत त्याच्या विनोदाची जातहि दिसते.

परंतु याच पानावर त्याचें एक वाक्य असें आहे कीं, तेथें आम्ही बराच वेळ थबकलों. व्यवस्थेवांचून आपलें फारसें अडलें नाहीं, कारण आपली स्मरणशक्ति असामान्य होती. उतारवयांत ती क्षीण झाल्यावर मात्र उणीव जाणवूं लागली, अशा अर्थाचें तें वाक्य आहे. म्हणजे त्याचेंहि सगळें डोक्यांत होतें ! त्याचा परिणाम या पुस्तकांतच पाहावयास सांपडतो. १७७६ सालीं फ्रान्सला जातांना फ्रँकलिननें आपले कागद एका मित्राकडे ठेवले. पुढें युद्धांत तो मित्र इंग्रजांच्या पक्षास मिळाला आणि कागदांची पांगापांग झाली. आत्मचरित्राचे सुमारें तेवीस ताव एबल जेम्स नांवाच्या गृहस्थाच्या हातीं लागले व त्यानें पत्र पाठवून हें लेखन पुरें करण्याचा आग्रह केला, म्हणून दुसरा भाग लिहिला गेला. कागद पांगले हा दोष युद्धाचा, फ्रँकलिनचा नव्हे. पण लिहावयास बसला तेव्हां पहिल्या भागाची नक्कल त्याच्यापाशीं नव्हती, आणि फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयाची हकीकत आपण पूर्वीं लिहिली कीं नाहीं हेंहि त्यास आठवेना. पूर्वीं येऊन गेली असल्यास ही काढून टाकावी, असें म्हणून तो ती पुन्हा सांगतो. त्यामुळें आजच्या छापील आवृत्त्यांत तिचा उल्लेख दोनदां येतो. व्यवस्थेचें प्रकरण ज्या भागांत आहे त्याच भागाचा आरंभ असा व्हावा, यापरतें बोलकें भाष्य कोणत्या टीकाकाराला सुचणार ?

आतां समर्थांकडे वळूं. ‘दासबोधा’चे दशक वीस आणि समास दोनशें, ओंव्या साडेसात हजारांहून अधिक. एवढ्या विस्तारांत परमार्थाचा विषय मुख्य आहे हें उघड आहे. पण त्यांत अधूनमधून असे समास येतात कीं, तेथें समर्थ अगदीं घरगुती गोष्टींवर उतरतात. अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासांत दिवसाचा क्रम दिला आहे : पहांटे उठावें, कांहीं पाठांतर करावें, शौचास दूर जावें, आणि येतांना रिकाम्या हातीं येऊं नये, कांहीं तरी घेऊन यावें. आठव्या दशकांत एक सबंध समास दुश्चित्तपणावर, म्हणजे मन भलतीकडे असण्यावर, खर्ची घातला आहे. चित्त ठिकाणावर नसलें कीं आळस, आळसापाठोपाठ झोंप, आणि झोंपेंत आयुष्याची नासाडी, अशी कारणपरंपरा तेथें लावली आहे. दुसऱ्या दशकांत मूर्खांचीं लक्षणें आहेत, व त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खांचींहि आहेत. हीं शेवटचीं आमच्यासारख्या अध्यापकांनीं वर्षांतून एकदां तरी वाचावीं अशीं आहेत.

एवढ्यावरून पाहणारा म्हणेल कीं, समर्थ आणि फ्रँकलिन यांत फरक तो काय ? पहांटे उठणें तेथेंहि आहे, येथेंहि आहे. आजचे शिस्तपुस्तककार नेमका एवढाच भाग कातरून घेतात. परंतु कात्री जेथें चालते त्याच्या पुढची ओंवी वाचावयास हवी. अकराव्या दशकांतील त्याच समासांत भाग्यवंताचें लक्षण सांगतांना, तो एक क्षणहि रिकामा जाऊं देत नाहीं, असें समर्थ म्हणतात. आणि लगेच पुढें सांगतात कीं, तो कांहीं मिळवून मग जेवतो, अडकलेल्या लोकांना मोकळें करतो, आणि आपलें शरीर कारणीं लावतो. क्षण वाचवावयाचा तो कशासाठीं, याचें उत्तर या जोडणींत आहे. वाचविलेल्या क्षणाचें जमेला कांहीं शिल्लक राहत नाहीं. तो अडकलेल्याच्या कामीं खर्च होतो. पहिली ओंवी घेऊन दुसरी सोडून देणें म्हणजे समर्थांच्या नांवावर फ्रँकलिनची वही विकणें होय; आणि तीहि कुऱ्हाडीचें पान फाडून.

या दृष्टीचा पुरा विस्तार एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासांत, लेखनक्रियानिरूपणांत, झालेला आहे. मराठींतील नेटकेपणाच्या वाङ्मयांत हा समास आम्ही सर्वश्रेष्ठ मानतों. येथें तत्त्वज्ञान जवळजवळ नाहीं. अक्षर वाटोळें, मोकळें आणि काळेंभोर असावें. ओळी सरळ असाव्या. एका ओळीची मात्रा वा लांबट अक्षर दुसऱ्या ओळीस भिडूं नये. ग्रंथाचें पहिलें अक्षर आणि शेवटचें अक्षर एकाच लेखणीनें, एकाच बैठकींत उतरल्यासारखें दिसावें. मग साहित्याची यादी : देशोदेशींचे बोरू, ते तोडण्याच्या तऱ्हा, आंखणीचे प्रकार, शाईचा व हिंगुळाचा संग्रह, दप्तरें, मेणकापडें, पेट्या, कुलुपें. ‘नाना’ हा शब्द ओंवीमागून ओंवींत येतो; काव्यदृष्ट्या पाहिलें तर हा भाग रुक्ष वाटेल, आणि यादीच्या हव्यासानें समर्थांच्या ओंवीची लय अनेक ठिकाणीं बिघडते ही तक्रार आम्हांसहि मान्य आहे. पण लेखकाच्या बैठकीचा वास या यादीला आहे. ती लिहिणाऱ्यानें बोरू हातांत धरलेला आहे, यांत शंका राहत नाहीं.

त्याच समासांत दोन सूचना अशा येतात कीं, सारा समास त्यांनीं उजळतो. पहिली अशी : तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें कामास येत नाहीं; म्हणून मध्यम आकाराचें अक्षर काढावें. दुसरी : पानाच्या भोंवतीं मोकळी जागा सोडावी व मध्यें लिहावें, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाहीं. विचार करावा, येथें समास कोणाकडे पाहून लिहिला आहे ? लिहिणारा आज तरुण आहे, त्याचे डोळे चांगले आहेत, कागद नवा आहे. त्याला स्वतःला यांपैकीं कशाचीच गरज नाहीं. डोळे अधू झालेला वाचक आणि कडा झिजलेला कागद हे दोन्ही पुढच्या काळांतले आहेत. समासाची व्यवस्था त्यांच्या सोयीनें ठरली आहे. त्याच समासांत असा ग्रंथ पाहून लोकांना हेवा वाटावा, आणि हें लिहिणारा पुरुष एकदां पाहावा असें त्यांनीं म्हणावें, अशी अपेक्षा आहे. अक्षरावरून माणसाची ओढ लागावी, ही कल्पना प्रपंचांतली आहे कीं परमार्थांतली, हें ठरविणें कठीण. समर्थांना तसा भेद करावयाचा नव्हता असेंच वाटतें. अकराव्या दशकांतील महंताच्या लक्षणांचा आरंभसुद्धां शुद्ध लिहावें, लिहिलेलें तपासावें, तपासून चुकल्याशिवाय वाचावें, येथूनच होतो.

हा समास केवळ उपदेशापुरता राहिला नाहीं, याला इतिहासाची साक्ष आहे. रामदासी मठांतून ग्रंथांच्या नकला करण्याची परंपरा चालली. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी हे तर ‘दासबोधा’चे लेखक म्हणूनच परंपरेला ठाऊक आहेत. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठोमठीं फिरून जीं रामदासी हस्तलिखितें गोळा केलीं, आणि जीं तेथील समर्थ वाग्देवता मंदिरांत जतन झालीं, तीं त्यांच्या हातीं लागेपर्यंत टिकलीं कशीं, याचें थोडेंसें उत्तर त्या मेणकापडांत, पेट्यांत आणि सोडलेल्या कडांत आहे. एक मर्यादा मात्र स्पष्टपणें सांगितली पाहिजे. लेखनक्रियेच्या समासाचा आरंभ ब्राह्मणाला उद्देशून आहे. अक्षराचा अधिकार सर्वांचा नाहीं, हें त्या काळाचें गृहीत त्यांत जसेंच्या तसें आहे. पुढच्या वाचकाची एवढी काळजी वाहणाऱ्या ग्रंथाला, अक्षरापासूनच दूर ठेवलेल्या वाचकाची आठवण येथें होत नाहीं, हें उणेंच आहे. आणि आजच्या वाचकानें तें उणें म्हणूनच वाचावें.

फ्रँकलिनच्या तुलनेंत समर्थांचें आणखी एक न्यून कोणी दाखवील. ‘दासबोधां’त कुऱ्हाडीची गोष्ट कोठें आहे ? तेथें उपदेश आहे, लक्षणें आहेत, धिक्कार आहे; पण सांगणाऱ्याला स्वतःला हें जड गेलें असा कबुलीजबाब नाहीं. आक्षेप वरवर खरा आहे. परंतु तो कबुलीजबाब समर्थांनीं दुसरीकडे लिहून ठेवला आहे. ‘करुणाष्टकें’ उघडून पाहावीं. मनाचा चंचलपणा मोडूं गेलें तरी मोडत नाहीं, जन्म वायां चालला, असा जो अनुताप तेथें आहे, तो दुश्चित्तपणाचा समास लिहिणाऱ्याच्याच अंतःकरणांतला आहे. ‘मनाच्या श्लोकां’त त्याच मनाला सज्जन म्हणून हांक मारून, दोनशें पांच श्लोकांत त्याची समजूत घातली आहे. फ्रँकलिननें कोष्टक आणि हार एकाच प्रकरणांत ठेवलीं. समर्थांनीं तीं निरनिराळ्या ग्रंथांत ठेवलीं. म्हणून एकटा ‘दासबोध’ वाचणाऱ्यास समर्थ कठोर वाटतात, आणि एकटीं ‘करुणाष्टकें’ म्हणणाऱ्यास ते केवळ व्याकुळ भक्त वाटतात. दोन्ही एका चौरंगावर ठेवल्याखेरीज त्यांच्या शिस्तीचा अर्थ कळावयाचा नाहीं. ज्याला अव्यवस्थेचा चटका बसलेला नाहीं त्यानें सांगितलेली व्यवस्था ऐकावीशी वाटत नाहीं, हें दोन्ही लेखकांविषयीं सारखेंच खरें आहे.

तेव्हां फ्रँकलिन स्वार्थी आणि समर्थ परोपकारी, असा सोपा निवाडा आम्ही देत नाहीं. १७३१ सालीं वर्गणीचें ग्रंथालय काढणाऱ्या, गांवासाठीं आगीचे बंब चालविणारी मंडळी उभारणाऱ्या माणसाला स्वार्थी म्हणणें अन्यायाचें होईल. त्याची चूक झाली असेल तर ती गुणाच्या वर्गीकरणांत. व्यवस्था हा त्यानें मिताहारासारखा, मौनासारखा, ज्याचा त्याच्यापुरता गुण मानला. आणि म्हणूनच स्मरणशक्ति चांगली असल्यामुळें आपलें अडलें नाहीं, असें म्हणून तो सुटूं शकला. समर्थांच्या समासांत ही सुटका नाहीं. स्मरणशक्ति कितीहि दांडगी असली तरी ती कागदाची कड सांभाळूं शकत नाहीं, आणि मालकाबरोबर ती जाते.

येथें साहित्यिक मंडळी एक आक्षेप घेतील, आणि तो आम्हीं स्वतःहि तरुणपणीं मोठ्या अभिमानानें घेत असूं. प्रतिभेला पसारा लागतो. नीटनेटक्या मेजावर काव्य उपजत नाहीं, असा हा आक्षेप. विचार सुचतांना पसारा असावा, हें आम्हांस मान्य आहे. दिवंगत स्नेह्यांच्या गाठोड्यांतहि पसाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्या जागोजाग आहेत. एखाद्या शब्दावर त्यांनीं सहज टांकलेली ओळ पाहून आम्ही दिपून गेलों आहों. पण त्या ठिणगीला दुसऱ्याच्या घरीं दिवा लागावयाचा तर मागें बखरीचें नांव आणि पानाचा आंकडा हवा. तो लिहावयाला प्रत्येक चिठ्ठीमागें क्षणभर पुरला असता. तो क्षण त्यांनीं वाचविला, आणि तीस वर्षांचें काम गेलें. हें आम्ही दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. कारण आमच्या स्वतःच्या मेजाच्या खणांतील टिपणें आम्हीं परवां बाहेर काढून पाहिलीं, आणि त्यांतहि निम्म्याहून अधिकांवर कांहीं पत्ता नाहीं. तीं वाचतांना आम्हांलाहि वाटलें कीं, हें तर आपल्या ध्यानांतच आहे.

म्हणून शिस्तीचीं नवीं पुस्तकें विकत घेण्यापूर्वीं वाचकांनीं हे दोन जुने ग्रंथ वाचावे, अशी आमची शिफारस आहे. फ्रँकलिनमध्यें कोष्टक वाचून थांबूं नये, कुऱ्हाडीपर्यंत जावें. ‘दासबोधां’त पहांटे उठण्यापाशीं थांबूं नये; अडकलेल्यांना मोकळें करण्यापर्यंत आणि पानाच्या कडेपर्यंत जावें. आणि मग ‘करुणाष्टकें’ जवळ असूं द्यावीं, कारण ठिपके पडणार आहेतच.

सात गाठोड्यांपैकीं एका गाठोड्याचे मूळ आधार आम्हीं आतांपर्यंत बखरी चाळून कसेबसे लावले आहेत. उरलेलीं सहा आमच्या हयातींत पुरीं होतील असा भरंवसा नाहीं. एवढें मात्र केलें आहे कीं, लागलेला प्रत्येक आधार मोठ्या अक्षरांत, चिठ्ठीच्या मध्यभागीं, चारी बाजूंनीं जागा सोडून लिहिला आहे. पुढें जो कोणी हें काम हातीं घेईल त्याला आम्हांस विचारण्याची गरज पडूं नये.